बोलेल तो हजर

यंदाही बारदानावर पिवळी धूळ बसायला लागली आणि मी खिडकी लावून घेतली. सांगलीत हळदीच्या पेठेला लागून आमचं रिकाम्या पोत्यांचं दुकान आहे. खाली पोत्यांच्या थप्प्या, वर आम्ही. हळद शिजवतानाचा तो ओला, मातकट वास शेतातच राहतो. आमच्यापर्यंत येते ती वाळलेली, पॉलिश केलेली हळद. तिचा वास कोरडा आणि नाकात चढणारा. तो दोरीवरच्या कपड्यांत शिरतो, उशीच्या अभ्र्यात शिरतो, दुधावरच्या सायीलाही लागतो. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा वास मला आवडत आला. बाजारात माल आला, आता चार महिने गडबड, असं तो सांगायचा. गेल्या वर्षीपासून मात्र तो आला की मला किळस येते. हळदीची नाही. माणसांची, आणि त्या माणसांत मी आहे.

गेल्या वर्षी याच दिवसांत बाथरूममध्ये पाय घसरून माझा घोटा मोडला. शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर फळ्यापुढे उभी राहिलेली बाई खिडकीशी खुर्ची टाकून, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसली. खाली हमालांच्या हाळ्या, ट्रकच्या फळ्या पडल्याचे आवाज, आणि मधूनच युसूफचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, गिऱ्हाइकांशी बोलणं. माझा जीव कोंडायचा. पुण्याहून मुलगी दोन दिवस आली होती. तिनं तिचा जुना लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अम्मी, यात एक मराठी गाव आहे. जाऊन ये."

त्या गावाचं नाव पैलवाडी. एका परदेशी कंपनीनं संगणकात एक जग उभारलंय, त्यात बेटं आहेत, आणि त्यातल्या एका बेटावर आपल्याकडच्या लोकांनी हे गाव वसवलेलं. तिथं प्रत्येकाला एक अवतार मिळतो, म्हणजे पडद्यावर चालणारी-फिरणारी आपली बाहुली. जागा मिळते, घर बांधता येतं, शेजाऱ्याशी लिहून नाहीतर माइकवर बोलता येतं. मी पहिल्या दिवशी नदीच्या घाटाच्या सत्तर पायऱ्या उतरले आणि चढले. माझा खरा पाय तेव्हा स्टुलावर खाजत होता.

घाट, वडाचा पार आणि चावडी हे सगळं एका माणसानं एकट्यानं बांधलं होतं. सर्जेराव सुभेदार. कोरेगावकडचे, फौजेतून निवृत्त, गुडघे गेलेले. गावात ते सगळ्यांना रामराम घालत फिरायचे. मला बाई म्हणायचे, कारण मी शिक्षिका होते हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दुसरे विलासराव. त्यांचं पाचगणीला लॉज आहे. त्यांनी पैलवाडीत स्ट्रॉबेरीचा मळा लावला होता, बारा महिने लाल.

या दोघांचं पहिल्यापासून पटत नव्हतं. बाहेरचे कुणीतरी येऊन पारावर घाणेरडी चित्रं चिकटवून जायचे. ती काढायची कुणी, यावरून वाद सुरू झाला. एका दुपारी पारावर बसून मी तो ऐकला.

"पंचायत पायजे," सुभेदार म्हणाले. "आपलं गाव आपण राखायचं. नियम आपले, पंच आपले. कंपनीच्या दारात का म्हणून जायचं?"

"सुभेदार, मी इथं विसाव्याला येतो," विलासराव म्हणाले. "माझ्या लॉजवर पाहुणा आला तर मी त्याला चादरी बदलायला लावतो का? कंपनीनं जागा दिलीय, साफसफाई तिनं करावी. खऱ्या गावात निवडणुका बघून जीव विटलाय, त्यात इथंही तेच कशाला?"

"तुमी गिऱ्हाईक हाय. आमी गावकरी हाय."

"तुम्हीही गिऱ्हाईकच आहात. फक्त तुम्हाला ते माहीत नाही."

मला सुभेदारांचं पटलं. वर्गातल्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेली बाई मी, मला ते पटणारच होतं. पंचायत झाली, सुभेदार सरपंच झाले आणि मी चिटणीस. दर रविवारी दुपारी चारला सभा. सभेचं इतिवृत्त लिहायचं, हजेरी ठेवायची. पाय मोडून बसलेल्या बाईला आणखी काय हवं होतं? शिवाय मी पाराजवळ एक छोटं वाचनालय उघडलं. रोज दुपारी तिथं एखादी गोष्ट किंवा लेख मोठ्यानं वाचायचे. पाच-सहा जण बसायचे. पुढे पंधरा झाले.

त्या पंधरांत अबोली होती. हे तिचं तिथलं नाव. तिचं घर वाचनालयाला लागूनच. दारावर शिराळ्याकडं काढतात तसा नाग काढलेला, पडवीत शिलाई मशीन. त्याला हात लावला की चाक फिरायचं. बाहेर दोन खुर्च्या. येणारा-जाणारा तिथं बसायचा, ती सगळ्यांशी लिहून गप्पा मारायची. तिच्या लिहिण्यात एक मिस्कीलपणा होता. सुभेदारांच्या अवताराची मिशी दर आठवड्याला लांबतेय, हे सगळ्यांच्या आधी तिनं टिपलं होतं.

आठवडाभरानं तिनं मला एकटीला लिहिलं : "बाई, मला जन्मापासून ऐकू येत नाही. तुम्ही जे वाचणार ते आधी लिहून पाठवाल का? आणि हे कुणाला सांगू नका. इथं कुणाला माहीत नाही, ते बरं वाटतं."

तिचं खरं नाव सुनंदा. शिराळ्याला आईसोबत राहते, ब्लाउज शिवते. मी चार दिवस तिला पानं टाइप करून पाठवली. पाचव्या दिवशी मान दुखली म्हणून पाठवली नाहीत, सहाव्या दिवशी विसरले, सातव्या दिवशी विसरले नव्हते पण पाठवली नाहीत. ती तरी येऊन बसायची. वाचन संपलं की इतरांसारखी टाळ्यांची खूण करायची. त्या टाळ्या मला गोड लागायच्या. कशाला टाळ्या दिल्या, हे तिला माहीत नाही हे मला माहीत होतं, आणि तरीही गोड लागायच्या. आज हे लिहिताना तोंड कडू होतं.

मार्च लागला. पेठेत हळदीचे ढीग खिडकीच्या उंचीला आले. इकडे पैलवाडीत जागा संपली. एका बेटावर ठरावीक घरंच मावतात, आणि निम्म्या घरांचे मालक महिनोन् महिने फिरकत नव्हते. नवीन लोक ताटकळत होते. तेव्हा सभेनं ठराव केला : सलग तीन सभांना गैरहजर राहील त्याची जागा गावाकडं परत. यात वावगं काहीच नव्हतं. मीच तो ठराव नीट मराठीत लिहून काढला.

मग लोक सभेत अवतार उभा करून स्वयंपाकाला जायला लागले. एकानं तर दर पाच मिनिटांनी आपोआप 'हजर' उमटेल अशी सोय करून ठेवली. सुभेदार चिडले. "ही फसवणूक हाय. आता माइकवर बोलंल तो हजर. लिवलेलं चालणार न्हाई. आन् सभा बी बोलूनच घ्यायची, लिवत बसलं की दोन-दोन तास जात्यात." त्यालाही हात वर झाले. माझाही झाला. त्या क्षणी सुनंदा माझ्या मनात आली नाही, असं मी म्हणू शकले असते तर बरं झालं असतं. ती आली होती.

इतिवृत्त मी तीन दिवस उशिरा लावलं. ते वाचून तिनं मला लिहिलं, "माझं काय?"

मी उत्तर दिलं, "बघते मी."

पुढच्या रविवारी मी हजेरी घेतली. नाव पुकारायचं, माइकवरून 'हजर' यायचं, खूण करायची. आपलं नाव केव्हा पुकारलं हे सुनंदाला कळायची सोय नव्हती. म्हणून सभा सुरू झाल्यापासूनच ती दर थोड्या वेळानं लिहीत राहिली : हजर. हजर. हजर. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ती अक्षरं उमटत राहिली.

"बगा," कुणीतरी म्हणालं, "लावून ठिवलंय मशीन आन् बाई गेली कामाला."

लोक हसले. मी म्हटलं, "अबोली." कुणी बोललं नाही. कोपऱ्यात पुन्हा 'हजर' आलं.

"फुडं घ्या, बाई," सुभेदार म्हणाले.

मी गैरहजर लिहिलं.

तीन रविवार मी तसंच लिहिलं. तिनं सांगू नका म्हटलं होतं, मी शब्द पाळतेय, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. पण शब्द पाळायलाच हवा होता तर मी नुसतं 'हजर' लिहू शकले असते. हजेरीचं पत्रक माझ्याच हातात होतं. खरं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. वाचनालयाला जागा कमी पडत होती. तिचं घर गेलं की ती जागा वाचनालयाला द्यायची, हे सुभेदार आधीच मला म्हणाले होते.

तिथं घर पाडायला काही लागत नाही. एक बटण असतं आणि ते दाबायचा अधिकार चिटणिसाचा. मी दाबलं. नाग काढलेलं दार गेलं, मशीन गेलं, दोन्ही खुर्च्या गेल्या. सामान मालकाच्या पेटीत परत जातं, म्हणजे तसं काही हरवत नाही, असं मी मनात म्हटलं. खाली युसूफ कुणालातरी पोती मोजून देत होता. मी त्याला हाक मारून चहा वर मागवला आणि प्यायले. चवीनं प्यायले, हे मला पक्कं आठवतं.

संध्याकाळी तिचा निरोप आला : "बाई, माझं घर दिसत नाही. काही बिघाड आहे का? मी कंपनीला कळवलंय."

तिला बिघाड वाटला. माणसांनी केलं असेल हे तिच्या मनातच आलं नाही.

दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, ते तिनं मला पाठवलं. इंग्रजीत होतं, अर्थ सांगायला. अर्थ असा की बिघाड काहीही नाही. वस्तीतल्या लोकांनी आपापसांत घेतलेल्या निर्णयात कंपनी पडत नाही. आणि खाली विचारलं होतं की आमची सेवा तुम्हाला कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल? मी विलासरावांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मी पंचायत नको म्हणत होतो ते याचसाठी." पण त्यांची कंपनी तरी काय करत होती? ती ताऱ्यांची रांग मी पुन्हा बघितली. एकीकडं ज्यांना ती कोण हे माहीतच नाही ते हात झटकणारे, आणि दुसरीकडं जिला माहीत आहे ती मी.

तिला मी अर्थ लिहून पाठवला नाही. प्लास्टर निघाल्यावर एस.टी.नं शिराळ्याला गेले.

तिच्या आईनं दार उघडलं. सुनंदा तिशी ओलांडलेली, शिडशिडीत, गळ्यात टेप अडकवलेली. मी कोण हे कागदावर लिहिल्यावर तिला इतका आनंद झाला की मला खाली बघावं लागलं. आई म्हणाली, "बसा की. तिला ऐकू येत न्हाई, पण समदं कळतंय तिला. त्या काँप्युटरात एक गाव हाय म्हणती, तितं तिची लय वळख. पयल्यांदा कुनीतरी भेटाय आलं बगा तिकडनं."

मी वही मागून घेतली आणि सगळं लिहिलं. ठराव, हजेरी, वाचनालयाची जागा, बटण. पानभर झालं. तिनं एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. आई आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती. सुनंदानं पेन घेतलं आणि खाली लिहिलं :

"मी प्रत्येक सभेला आले होते."

एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला जायला सांगेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. मी लिहिलं, "तुला ऐकू येत नाही हे सांगू का सगळ्यांना?" ती बराच वेळ शिवत असलेल्या कापडावरून हात फिरवत बसली. मग लिहिलं, "सांगा."

तिचं ते न सांगणं ही पैलवाडीतली तिची खरी जागा होती. घर मी आधीच पाडलं होतं. आता ही जागासुद्धा तिनं माझ्या हातात दिली.

त्या रविवारी मी सभेत सांगितलं. सुभेदार कळवळून म्हणाले, "आवं बाई, आदी सांगायचं की. आमी काय राक्षस हाय का?" मग एकेक जण बोलायला लागला. कुणाच्या चुलतभावाला ऐकू येत नव्हतं, कुणाच्या शाळेत तसा एक मुलगा होता. ठराव आला : अबोलीताईंना विशेष बाब म्हणून घर परत द्यावं, हजेरीची अट त्यांना लागू करू नये, आणि सभेनं त्यांच्या धैर्याचं कौतुक करावं. एकमतानं मंजूर झाला. पडद्यावर फुलं उडाली, हृदयं उडाली, टाळ्यांचा तो डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज किती वेळ चालला. तिलाच ऐकू न येणारा तो आवाज. मीही टाळ्यांचं बटण दाबलं आणि मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं सगळ्यात ओंगळ होतं.

ठराव मी तिला पाठवला. अर्ध्या तासानं तो परत आला. 'विशेष बाब' या शब्दांखाली तिनं रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं : "हे नको. सभा लिहून घ्या."

मी ते सभेपुढं ठेवलं. विशेष बाब नको, नियम बदला. सभा लिहून घ्या, बोलणाऱ्यांनी हवं तर बोलावंही, पण जे बोललं जाईल ते लिहिलं जावं आणि लिहिलेली हजेरी धरावी. मागच्या रविवारी ज्यांनी फुलं उडवली होती तेच आता कुरकुरले. एका माणसासाठी सगळ्यांनी टाइप करत बसायचं का? घर तर देतोय ना? वरून अटी कसल्या घालते? विलासराव म्हणाले, मी मत देत नाही, मी गिऱ्हाईक. मतदान झालं. बाजूनं नऊ, विरुद्ध तेवीस.

मी सुभेदारांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत, हे मला आजही वाटतं. ते म्हणाले, "बाई, पलटण चालती तवा सगळ्यांसाठी थांबता येत न्हाई. जो मागं ऱ्हायला त्याला गाडीत घ्यायचं. आमी तिला गाडीत घेतलंच हुतं की. तीच बसंना."

"तिला चालायचं होतं," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बहुमत झालंय. आता माज्या हातात काय न्हाई." पंचायत हवी असं ज्यांनी मला पटवलं होतं, तेच आता कंपनीसारखं बोलत होते.

मी चिटणीसपद सोडलं. पुन्हा तिकडं फिरकले नाही. तीन सभा चुकल्यावर नियमानं माझंही घर गेलं आणि मला त्यात एक उद्दाम समाधान वाटलं. अशा लोकांत कोण बसणार? युसूफ जेवताना म्हणाला (घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहिते), "तू रागावलीस कुणावर? त्यांच्यावर, की स्वतःवर?" मी ताट उचलून आत गेले.

मे महिन्यात, पेठ रिकामी झाल्यावर, सुनंदाचा निरोप आला. "बाई, तुम्ही का सोडलं? घर नसणाऱ्याला सभेत बसता येतं, पण मत नसतं. तुमचं एक मत होतं."

मी उत्तर दिलं नाही. पाऊस येऊन गेला, गणपती झाले, ईद झाली. आपल्याला उबग आलाय, म्हणून आपण दूर झालोय, आपले हात आता स्वच्छ आहेत, असं मी स्वतःला सांगत राहिले. जानेवारीत एक दिवस न राहवून पाहुणी म्हणून पैलवाडीत गेले. रविवार होता. चावडीत सभा चालू होती, मोठमोठ्यानं. शेवटच्या रांगेत अबोली बसली होती. घर नाही, मत नाही. कोपऱ्यात अक्षरं उमटली : सभा लिहून घ्या. कुणी तिकडं बघितलं नाही. जुनी इतिवृत्तं मी चाळली. माझ्यानंतरच्या चिटणिसानं कधीतरी कंटाळून शेरा मारला होता की ही ओळ दर सभेला येते, नोंद घेण्याची गरज नाही.

म्हणजे मी घरात बसून किळस करत होते तेवढे सगळे महिने ती तिथं जात होती.

मी जागेसाठी अर्ज केला. नदीपलीकडं, अगदी कडेला एक तुकडा मिळाला. त्यावर चार भिंती उभ्या केल्या, वाचनालय वगैरे काही नाही. घर आहे म्हणजे मत आहे. आता रविवारी चारला मी खिडकी लावून घेते, धूळ आत येऊ नये म्हणून, आणि सभेत जाऊन सुनंदाच्या शेजारी बसते. माइक बंद ठेवते. नवा चिटणीस माझं नाव पुकारतो. मी लिहिते, हजर.

"बाई, ऐकू येत न्हाई. माइक चालू करा की," सुभेदार म्हणतात. आवाजात राग नसतो, विनवणीच असते.

मी पुन्हा लिहिते, हजर. सुनंदाही लिहिते.

"फुडं घ्या," ते म्हणतात.

माझ्या नावापुढं आत्तापर्यंत दोनदा गैरहजर लागलंय. तिसऱ्यांदा लागलं की हेही घर जाईल आणि मतही. तसं झालं तर पुन्हा अर्ज करायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलंय, आणि या वेळी दोन अर्ज करायचे, एक माझा आणि एक तिचा. पुढची सभा परवा आहे.